"फक्त एलिजिबिलिटी बघतोय काका" म्हणत माझ्या नावावर तीन कार्डांचे अर्ज टाकले

मी नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत स्टोअरला आहे, हातात २७ हजार येतात. पगार आधीच सांगतोय कारण पुढं सगळं याच आकड्यावर अडलं. मुलीला डिप्लोमासाठी लॅपटॉप घ्यायचा होता, दुकानदार म्हणला क्रेडिट कार्ड असेल तर नो कॉस्ट ईएमआयवर, म्हणजे बिनव्याजी हप्त्यांवर, बसवून देतो. माझ्याकडं कार्ड नव्हतं, पूर्वी फ्रिजचं लोन घेतलेलं ते वेळेत फेडलं होतं म्हणून सिबिल, म्हणजे कर्ज कसं फेडतो याचा स्कोअर, चांगला होता, ७६८.

त्याच रविवारी मॉलमधे सरकत्या जिन्याच्या खाली एक काउंटर दिसलं, टेबलावर तीनचार बँकांची पत्रकं, मागं ट्रॉली बॅगा लटकवलेल्या आणि बावीसतेवीस वर्षांचा एक गोड बोलणारा पोरगा. मी सरळ म्हणलं मला अर्ज करायचा नाही, उगाच अर्ज गेला की बँक रिपोर्ट मागवते आणि सिबिल पडतो. तो म्हणला काका अर्ज करूच नका ना, फक्त एलिजिबिलिटी, म्हणजे कार्ड मिळण्यात बसता का, ते बघून घ्या, त्यानं सिबिलला धक्का लागत नाही, ती सॉफ्ट इन्क्वायरी असते. आता हा शब्द मी ऐकला होता. आपला स्कोअर आपण कितीही वेळा बघितला तरी कमी होत नाही हे खरंच आहे, मला ते माहीत होतं, आणि त्या अर्धवट माहितीनंच घात केला बघा. काहीच माहीत नसतं तर घाबरून निघून गेलो असतो.

त्यानं पॅन नंबर घेतला, जन्मतारीख, कंपनीचं नाव, पगार, आईचं नाव. (आईचं नाव विचारलं तेव्हाच उठायला पाहिजे होतं, एलिजिबिलिटीला आईचं काय काम?) मग दहा मिनिटांत चार ओटीपी आले. प्रत्येक वेळी तो "काका आला का, सांगा" आणि मी मेसेज न उघडता वरच्या वर आकडे वाचून दाखवत होतो. शेवटी म्हणला दोनतीन दिवसांत कळेल आणि एक पाण्याची बाटली हातात दिली, बॅग कार्ड आलं की म्हणे.

घरी आल्यावर मुलीनं ते मेसेज वाचले. पहिल्यात लिहिलं होतं क्रेडिट रिपोर्ट बघायला संमती, इथपर्यंत ठीक. पुढच्या तिन्हींमधे तीन वेगवेगळ्या बँकांची नावं आणि "तुमचा अर्ज पूर्ण करण्यासाठी" असा सरळ शब्द. म्हणजे मेसेजमधे सगळं लिहिलेलं होतं, मीच वाचलं नाही. आणखी एक, क्रेडिट रिपोर्ट कुणी मागवला की ब्युरोनं (रिपोर्ट आणि स्कोअर ठेवणारी सिबिलसारखी कंपनी) एसएमएस नाहीतर ईमेलनं ग्राहकाला कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे, आणि ते ईमेल आले पण होते, पण माझा तो ईमेल आयडी मुलीनं दहावीच्या फॉर्मच्या वेळी काढलेला, मी कधी उघडतच नाही.

आठवड्यात तिन्हीकडून नकार. नकाराचं कारण बँकेनं लेखी द्यायचं असतं, म्हणून मी तिघांनाही ईमेल टाकले. दोघांचं उत्तर आलं की त्या कार्डाला लागणाऱ्या किमान पगारात मी बसत नाही. म्हणजे खरी एलिजिबिलिटी बघितली असती तर अर्ज जायच्या आधी दोन मिनिटांत कळलं असतं! पगार, वय, पिनकोड, चालू हप्ते एवढंच तर बघतात. पण त्या पोराला कमिशन अर्जामागं मिळत असणार असा माझा अंदाज आहे, मी बसतो का नाही याच्याशी त्याला काय देणंघेणं. रिपोर्ट काढला तर इन्क्वायरीच्या, म्हणजे अर्जासाठी बँकेनं रिपोर्ट मागवल्याच्या, रकान्यात एकाच तारखेला तीन नोंदी, स्कोअर ७३९. रिपोर्ट फुकट मिळतो बरं का, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही ठिकाणी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट पैसे न देता.

इथंच थांबलं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो. नकार आल्यावर चार दिवसांनी एका बाईंचा फोन आला, एकदम शुद्ध मराठी, "सर तुमचा अर्ज पगारामुळं अडकलाय, आम्ही दुसऱ्या स्कीममधे बसवतो." त्यांना माझी कंपनी, पगार, कोणत्या बँकेनं नाकारलं सगळं माहीत होतं. आता अनोळखी माणसाला हे कसं कळणार, म्हणून मला वाटलं बँकेतूनच बोलताहेत. माहिती त्या काउंटरवरनंच फुटली असं मला वाटतं, सिद्ध करता येत नाही. व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल (प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायची फाइल) आली, ती टाकली, तिनं मेसेज वाचायची परवानगी मागितली ती पण दिली, आणि व्हेरिफिकेशनचे १० रुपये म्हणून डेबिट कार्डाचा नंबर भरला. ओटीपी मी कुणाला सांगितलाच नाही, ते ॲपच मेसेज तिकडं पाठवत होतं. जेवायला बसलो तोवर २४ हजार आणि १४ हजार ५०० असे दोनदा गेले.

बायको म्हणली रडत बसू नका, १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावा. लागायला वेळ लागला, पण तक्रार घेतली, बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, दुसऱ्या दिवशी सायबर पोलिसात गेलो. पुढच्या एका खात्यात १२ हजार अडवले गेले, बाकीचे तोवर काढून घेतलेले. बँक म्हणते माहिती तुम्हीच भरलीत, तक्रार करायच्या आधीचं नुकसान तुमचं. नियम तसाच आहे, त्यामुळं भांडायला पण तोंड नाही.

तीन इन्क्वायऱ्यांवर ब्युरोकडं डिस्प्यूट, म्हणजे नोंद काढा अशी तक्रार, टाकला होता. तीस दिवसांत निकाल लावावा लागतो, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, पण त्यांनी वेळेत उत्तर दिलं की बँका म्हणतात ओटीपीनं संमती घेतलेली आहे, नोंदी राहतील. काउंटर पुढच्या रविवारीच गायब होतं, मॉलवाले म्हणले ते भाड्यानं बसतात, आम्हाला माहीत नाही.

आता माझ्या पगाराच्या बँकेच्या ॲपमधे ऑफरचा एक रकाना आहे, तिथं कार्ड दिसलं तरच अर्ज करायचा असं ठरवलंय, सध्या तिथं काही दिसत नाही. लॅपटॉप मेव्हण्यानं भिशीतून घेऊन दिला. अडवलेले १२ हजार सोडवायला कोर्टात अर्ज केलाय, तारीख पुढच्या महिन्यात आहे, मिळाले तर कळवतो.