एनडीपीएसच्या केसेससाठी ई-कोर्ट्स: तारीख कळते, ग्रॅम कळत नाहीत

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी अ‍ॅप आणि त्याची वेबसाइट, दोन्ही फुकट आहेत. चेक बाउन्स, जमिनीचे दावे, घटस्फोट यांच्या तारखा बघायला लोक ती रोज वापरतात. इथे मात्र ही सेवा एकाच कामासाठी तपासली आहे: मुंबईतले अमली पदार्थांचे खटले. म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखालच्या केसेस. त्या कधी मुंबई पोलिसांचा अँटी नार्कोटिक्स सेल लावतो, कधी एनसीबी (अमली पदार्थ नियंत्रण ब्युरो), डीआरआय (महसूल गुप्तचर संचालनालय) किंवा कस्टम्स अशा केंद्राच्या यंत्रणा लावतात. मत आधीच सांगून टाकतो. एका केसची तारीख आणि आदेश बघायचे असतील तर पाचपैकी चार गुण. शहरात कोणत्या प्रकारचे खटले वाढले, किती जण सुटले, किती वर्षं कच्च्या कैदेत गेली हे समजून घ्यायचं असेल तर दोन गुण देतानाही हात आखडतो. यात सर्व्हरचा दोष नाही. एनडीपीएसची केस ज्या गोष्टीवर उभी असते, तिलाच या पानावर रकाना नाही.

ती गोष्ट म्हणजे पदार्थ आणि त्याचं वजन. गांजा १ किलोपर्यंत असेल तर स्मॉल, २० किलोच्या वर गेला की कमर्शियल. चरसाला हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो आहेत, हेरॉइनला ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेनला २ आणि १०० ग्रॅम. मुंबईत ज्याला नुसतं एमडी म्हणतात त्या मेफेड्रोनला २ आणि ५० ग्रॅम, आणि एमडीएमएला अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. स्मॉलला जास्तीत जास्त एक वर्ष, मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत, कमर्शियलला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं. वजन कमर्शियल ठरलं की जामिनाला कलम ३७ आडवं येतं. सरकारी वकिलाला विरोधाची संधी द्यावी लागते, शिवाय आरोपी दोषी नसावा आणि सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी कोर्टाला पटाव्या लागतात. त्यातच सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२० च्या हिरा सिंग निकालापासून भेसळीचं वजनही मोजलं जातं. पुडीत निम्मी दुसरीच पावडर असली तरी तराजूवर अख्खी पुडी चढते. म्हणजे ४५ ग्रॅम आणि ५५ ग्रॅम एमडी यांच्यात माणसाच्या आयुष्यातल्या काही वर्षांचा फरक आहे, आणि ई-कोर्ट्सच्या पानावर या दोन केसेस जवळजवळ सारख्या दिसतात.

जवळजवळ म्हणण्याचं कारण कलमाच्या कंसातलं अक्षर. केस उघडली की 'अ‍ॅक्ट्स' या भागात कायदा आणि कलम दिसतं. तिथे २० असेल तर गांजा किंवा चरस, २१ असेल तर बहुतेक हेरॉइन किंवा कोकेन, २२ असेल तर एमडी, एमडीएमए, एलएसडी यांसारखा सायकोट्रॉपिक (मनावर परिणाम करणारा) पदार्थ. २३ म्हणजे आयात-निर्यात, त्यामुळे ते विमानतळ आणि कुरिअरच्या केसेसमध्ये जास्त दिसतं. पुढच्या कंसातलं ए म्हणजे स्मॉल, बी म्हणजे मधलं, सी म्हणजे कमर्शियल. मात्र कलम २० मध्ये गांजा-चरसासाठी हे अक्षर सर्वांत शेवटच्या कंसात असतं, पहिल्या कंसात नाही, आणि घाईत पाहणारा इथेच फसतो. सोबत २९ दिसलं तर कटाचा आरोप आहे. अशा वेळी एकाकडे दोन ग्रॅम सापडले असले तरी साथीदाराच्या मालाचं वजन त्याच्याही नावावर चढलेलं असू शकतं. नातेवाईक सांगतात "त्याच्याकडे काहीच नव्हतं" आणि पानावर सी अक्षर दिसतं, त्यामागे बहुधा हेच असतं. अडचण अशी की कलमाचा मजकूर लिपिक हाताने भरतो. काही केसेसमध्ये पूर्ण उपकलम असतं, काहींमध्ये नुसतं '८ सी, २२, २९' (आठमधला सी वजनाचा नव्हे). मग आदेशाची पीडीएफ उघडण्याशिवाय इलाज नाही.

आता शोधण्याबद्दल. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक. पहिली चार अक्षरं राज्य आणि जिल्हा, पुढचे दोन आकडे आस्थापना (म्हणजे तिथलं नेमकं कोर्ट), मग सहा आकडी अनुक्रमांक आणि शेवटी वर्ष. मुंबई सत्र न्यायालयाचा क्रमांक एमएचसीसीने सुरू होतो, मॅजिस्ट्रेट कोर्टांचा एमएचएमएमने. हातातला क्रमांक कोणत्या कोर्टाचा आहे ते या चार अक्षरांवरूनच ओळखा. पहिली रिमांड सुट्टीच्या दिवशी किल्ला कोर्टात झाली आणि पुढची फोर्टच्या सत्र न्यायालयातल्या विशेष कोर्टात, असं होतं तेव्हा दोन ठिकाणी दोन नोंदी तयार होतात. रिमांडचा क्रमांक वेगळा, जामीन अर्जाचा वेगळा, आणि तक्रार किंवा आरोपपत्र दाखल झालं की एनडीपीएस स्पेशल केसचा तिसरा. त्यांना जोडणारा दुवा पानावर भरवशाने मिळत नाही. घरचे लोक महिनोन्‌महिने रिमांडचा क्रमांक उघडून बघत राहतात आणि "केस डिस्पोज्ड" वाचून घाबरतात किंवा आनंदतात. निकाली निघालेली असते ती रिमांडची नोंद, खटला नव्हे. आरोपपत्र गेल्याचं कळताच वकिलाकडून नवा सीएनआर घ्या आणि तो सेव्ह करा.

एफआयआर क्रमांकाने शोधायची सोयही आहे, पण इथे दोन खड्डे आहेत. माल गोवंडीत पकडला म्हणून गोवंडी पोलीस ठाणं निवडलं तर काही मिळणार नाही, कारण अँटी नार्कोटिक्स सेलची आझाद मैदान, वरळी, वांद्रे, घाटकोपर, कांदिवली अशी युनिट्स आहेत आणि सी.आर. नंबर (गुन्हा नोंद क्रमांक) युनिटचा असतो. दुसरा खड्डा जास्त खोल. एनसीबी, डीआरआय आणि कस्टम्स पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवत नाहीत. ते आपल्या कार्यालयाचा सी.आर. किंवा फाइल नंबर टाकून थेट विशेष कोर्टात तक्रार दाखल करतात. म्हणून केंद्रीय यंत्रणांच्या केसेस या शोधात निसटतात. त्यांच्यासाठी पक्षकाराच्या नावाने शोधा. वर्ष भरावं लागतं, नावाची किमान तीन अक्षरं लागतात, आणि प्रलंबित-निकाली असे पर्याय असतील तिथे 'दोन्ही' निवडा. नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये शोधलं जातं, त्यामुळे शेख, सय्यद, चौधरी, लक्ष्मण अशा नावांची निदान तीन स्पेलिंग्ज करून बघावी लागतात. नायजेरियन नागरिकांच्या बाबतीत आडनाव आधी की नाव आधी, याचाही नेम नसतो.

केस सापडली की मात्र सेवा खरोखर कामाची ठरते. हिअरिंगच्या यादीतल्या तारखेवर टिचकी मारली की त्या दिवसाचा रोजनामा उघडतो. आरोपी हजर केला का, सरकारी पक्षाने जामिनावर 'से' (आपलं म्हणणं) दाखल केला का, चार्ज फ्रेम झाला (आरोप निश्चित झाले) का, पंच साक्षीला आला का, हे दोन-तीन ओळींत कळतं. कलिन्याच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेचा सी.ए. (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट आला का याचीही खूण बरेचदा तिथेच सापडते. वाचताना एक सवय लावून घ्यावी: पुढची तारीख बघण्याआधी 'पर्पज'चा, म्हणजे ती तारीख कशासाठी आहे त्याचा, रकाना बघा. सलग पाच-सहा तारखांना तोच पर्पज दिसला तर केस पुढे सरकत नाही, आणि खटल्याच्या विलंबावर जामीन मागायचा असेल तर हाच रोजनामा आधार ठरतो. कलम ३७ लागू असलं तरी खटला अवाजवी लांबला तर जामीन देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

१८० दिवसांचा हिशेब करणाऱ्यांनी जास्त जपून राहावं. कमर्शियल वजनाच्या केसमध्ये आरोपपत्र किंवा तक्रार दाखल करायला तपास यंत्रणेला १८० दिवस मिळतात आणि सरकारी वकिलाच्या अहवालावर कोर्ट ही मुदत एक वर्षापर्यंत वाढवू शकतं. मधल्या वजनाला साठ दिवस. रिमांडचा पहिला दिवसही धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं. पानावर 'फायलिंग डेट' आणि 'रजिस्ट्रेशन डेट' अशा दोन तारखा दिसतात. मुदत बघायची ती फायलिंगवर. रजिस्ट्रेशन काही दिवस उशिरा झालं म्हणून डिफॉल्ट जामिनाचा (मुदत उलटल्याने मिळणाऱ्या जामिनाचा) हक्क तयार होत नाही. आणि मुदतवाढीचा अर्ज बरेचदा स्वतंत्र क्रमांकाने चालतो, म्हणून मुख्य नोंदीत तो दिसला नाही यावरून तो दिलाच नाही असं धरू नका.

आता दोन गुणांची बाजू. पत्रकार, विद्यार्थी, व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातले लोक यांना कल जाणून घ्यायचा असतो. वेबसाइटवर कायद्यानुसार शोधता येतं: कोर्ट संकुल निवडा, कायद्याच्या यादीतून एनडीपीएस निवडा, हवं तर कलम टाका. यादी येते, पण तिच्यावरून शहराचं चित्र काढणं धोक्याचं आहे. एकच कायदा यादीत वेगवेगळ्या स्पेलिंगने असू शकतो, प्रत्येक नोंद वेगळी चालवावी लागते. फोर्टची यादी घेतली आणि दिंडोशीच्या सत्र न्यायालयाची विसरली तर उपनगरं गळतात. शिवाय तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचेच गुन्हे विशेष कोर्टात जातात. नुसतं सेवन केल्याच्या कलम २७ च्या केसेस आणि स्मॉल वजनाच्या केसेस अंधेरी, वांद्रे, कुर्ला, बोरिवली अशा मॅजिस्ट्रेट कोर्टांत विखुरलेल्या असतात. एमडीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी: मेफेड्रोन या कायद्याच्या यादीत फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं. त्याआधीच्या शून्यावरून आधी एमडी नव्हतं असा निष्कर्ष काढणं चूक आहे.

एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) वार्षिक अहवाल मुंबईचे आकडे देतो, आणि स्वतःच्या वापरासाठी बाळगणं व विक्रीसाठी बाळगणं हे वेगळं दाखवतो. हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण पोलिसांनी सेवन करणाऱ्यांना उचलण्याची मोहीम काढली की एकूण आकडा फुगतो आणि मथळा "ड्रग्जचे गुन्हे वाढले" असा येतो. पण त्यातही पदार्थ आणि वजनाचा पट्टा नसतो, शिवाय अहवाल उशिरा येतो. २०२२ चा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला.

हे करता येणार नाही असं कुणी म्हणू नये. अमेरिकेत फेडरल कोर्टांच्या शिक्षांची नोंद ठेवणारं सेंटेन्सिंग कमिशन एक मोफत ऑनलाइन साधन चालवतं. त्यात वर्ष, जिल्हा आणि पदार्थ निवडला की सरासरी शिक्षा, गुन्हा कबूल केलेल्यांचं प्रमाण, किमान शिक्षेचं कलम लागलं का, हे सगळं तक्त्यात येतं. मेथॅम्फेटामाइन फेडरल ड्रग खटल्यांत निम्म्याच्या आसपास पोहोचलं, फेंटॅनिल झपाट्याने वाढलं आणि गांजाचे खटले आटले, हे तिथे कुणालाही पाहता येतं. तिथला कायदा मेथॅम्फेटामाइनची शुद्धताही विचारात घेतो: दहा वर्षांच्या किमान शिक्षेसाठी शुद्ध माल ५० ग्रॅम पुरतो, मिश्रण असेल तर ५०० ग्रॅम लागतं. आपल्याकडे पदार्थ आणि वजन असे दोनच रकाने वाढवले तरी पुष्कळ होईल. दोन्ही गोष्टी तक्रारीत, पंचनाम्यात आणि सी.ए. रिपोर्टमध्ये आधीच लिहिलेल्या असतात.

तोवर कल वाचण्याचा एकच बरा मार्ग उरतो: यादीतून जामिनाचे आदेश उघडून वाचणं. त्यात पदार्थ, वजन, अटकेची तारीख आणि जामीन का दिला किंवा नाकारला ते असतं. तीन गोष्टी टिपत जा. ऑक्टोबर २०२० च्या तोफान सिंग निकालानंतर तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कलम ६७ खालचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, तेव्हा केस जबाबाव्यतिरिक्त कशावर उभी आहे. कलम ५० प्रमाणे झडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा हक्क आरोपीला सांगितला होता का. आणि कलम ५२ए प्रमाणे नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का. या शेवटच्या मुद्द्यावर बरेच जण सुटले, पण एवढ्या त्रुटीने सुटका आपोआप होत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. त्याच्या आधीचे आणि नंतरचे आदेश एकाच गठ्ठ्यात टाकू नका.

उच्च न्यायालयातला जामीन अर्ज बघायला अ‍ॅपमध्ये वरचा पर्याय 'डिस्ट्रिक्ट कोर्ट'वरून 'हायकोर्ट'वर बदलावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाची स्वतःची वेबसाइट यासाठी जास्त बरी. इथून उतरवलेली पीडीएफ माहितीपुरती असते, अपील किंवा अर्जाला नक्कल विभागाचीच सर्टिफाइड कॉपी लागते. स्मार्टफोन नसेल तर साध्या फोनवरून इंग्रजीत 'ECOURTS', मग जागा सोडून सीएनआर, असा एसएमएस ९७६६८९९८९९ वर पाठवला की सद्यस्थिती येते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. अ‍ॅपमध्ये सेव्ह केलेल्या केसेस फोनमध्येच राहतात. फोन बदलण्याआधी एक्स्पोर्ट करून ती फाइल स्वतःला मेल करून ठेवा, आणि सीएनआर कागदावरही लिहून ठेवा.