सोळाची की वीसची? साताऱ्यात पहिली फोल्डिंग सायकल घेताना

साताऱ्यात फोल्डिंगचा विचार करणाऱ्याचं दुखणं बहुधा ठरलेलं असतं. रेल्वे स्टेशन तिकडे माहुलीला, घर वर गावात, आणि मधल्या अंतराला रिक्षावाला सांगेल ते भाडं. सायकलच गाडीत घालून नेली तर? मग दोन प्रकार समोर येतात: ब्रॉम्प्टन ही ब्रिटिश कंपनीची सायकल आणि तिच्या धर्तीवरच्या सोळा इंची चाकांच्या, तीन घड्यांच्या, नाहीतर मधोमध एकदाच दुमडणाऱ्या वीस इंची चाकांच्या. मी वीसची घेतली, पण त्याआधी मित्राची सोळाची बरीच वापरली.

घडीत सोळाची सरळ वरचढ, यात वाद नको. घडी केली की साखळी दोन चाकांच्या मध्ये जाते, कपडे काळे होत नाहीत, आणि प्लॅटफॉर्मवर ती छोट्या चाकांवर ढकलत नेता येते. वीसचीची घडी ऐसपैस, साखळी बाहेरच्या अंगाला. मी तिच्यावर जुनी चादर गुंडाळतो. एसटीत शेजारणीची साडी वाचते, आणि कंडक्टरलाही ते आपलं सामान वाटतं.

चढावर लहान चाकाला पाय जास्त मारावे लागतात, असं जो तो सांगेल. तसं नसतं, पुढचं चेनव्हील, म्हणजे पेडलजवळचं दातेरी चाक, मोठं देऊन कंपनीने ते भरून काढलेलं असतं. बघायचा तो सगळ्यात हलका गिअर. माहुलीहून पोवई नाका आणि पुढे राजवाडा, हा चढ गिअर असेल तर दोन्हींवर जमतो. यवतेश्वर घाटात मात्र मी दोन्हींवरून उतरलोय. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत सोळाचं चाक जरा जास्तच आत जातं, निदान माझ्या मनगटांचं तरी तसं म्हणणं आहे.

पण माझा निर्णय झाला तो टायरवरून. मित्राच्या सायकलचा मागचा टायर कडेने फाटला. गावातल्या दुकानात गेलो तर, "सोळाचा ना? देतो की!" असं म्हणून त्यांनी लगेच काढून दिला, आणि तो रिमवर चढेचना. लहान मुलांच्या सायकलचा टायरही सोळाचाच, पण त्याच्या रिमचं माप 305 मिलिमीटर. ब्रॉम्प्टनच्या पद्धतीचं 349. चव्वेचाळीस मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ पावणेदोन इंचांचा फरक, आणि दोन्हींवर आकडा तोच. दुसऱ्या दुकानात तेच, तिसऱ्यात तर दुकानदाराने आमच्याच सायकलमध्ये खोट काढली. शेवटी टायर बाहेरून मागवला आणि तो येईपर्यंत सायकल जिन्याखाली घडी घालून पडून. इतकी सुबक घडी, तीही नुसती बघायला!

वीसमध्ये 406 हे माप सर्रास मिळतं, कारण मुलांच्या वीस इंची सायकलींनाही तेच लागतं. भारी नसेल मिळणारा टायर, पण त्याच दिवशी घरी जाता येतं. इथेही एक मेख आहे: काही वेगवान मॉडेलांना 451 असतं, आणि मग पुन्हा तेच रडगाणं. टायरच्या कडेला बारीक अक्षरात आकडा असतो, तो वाचूनच पुढचं बोलावं.

पुण्यामुंबईला रोजची ये-जा असेल, गाडीतल्या गर्दीत उभं राहावं लागत असेल, तर सोळाची घ्यायला माझी ना नाही. ब्रॉम्प्टन लाखाच्या पुढे जाते, तो विचार ज्याचा त्याने करावा. फक्त सायकलबरोबरच एक जादा टायर आणि दोन ट्यूब घेऊन ठेवा. गावातच फिरणं आणि अधूनमधून एसटी किंवा रेल्वे, एवढंच असेल तर मला वीसची सोयीची वाटते.

कुठलीही घ्या, पैसे देण्याआधी पुढचा ब्रेक घट्ट दाबून हँडल पुढे-मागे हलवून बघा. बिजागरी किंवा हँडलचा दांडा कटकट करत असेल तर दुकानदाराला तिथेच आवळायला लावा. आवळूनही वाजली तर दुसरी काढायला सांगा.