पाकटांची वारी बघायची की पंगत?

‘ते पाकट मासे हजारोंनी जातात ना, ते बघायला कुठे जाऊ?’ असं विचारणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा दोन व्हिडिओंची सरमिसळ झालेली असते. एकात ड्रोनमधून दिसणारा निळा समुद्र आणि एकाच दिशेने सरकणारे असंख्य काळे ठिपके. दुसऱ्यात गाडीएवढा मँटा तोंड वासून थेट कॅमेऱ्यावर येतोय. पहिला मेक्सिकोचा, दुसरा मालदीवचा. दोन्ही मासे पाकटांच्याच गोतावळ्यातले, पण शेपटीचा काटा मारणारं आपलं कोकणातलं पाकट ते नव्हे. हे प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खातात, माणसाला काही करत नाहीत.

खरी वारी मेक्सिकोत. बाहा कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला ला व्हेंताना नावाचं गाव आहे, ला पाझ शहरापासून गाडीने पाऊण तासावर. एप्रिलअखेर ते जुलै, त्यातही मे-जूनमध्ये, इथल्या आखातात मोब्युला मुंकियाना जातीचे छोटे पाकट जमतात. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांच्यावरून १९८७ मध्ये हे नाव पडलं. एकेकटा मासा पंख पसरून जेमतेम मीटरभर, म्हणजे तसा किरकोळच. थवा मात्र हजारोंचा, आणि थरावर थर. शिवाय ते उड्या मारतात. चुलीवर लाह्या फुटाव्यात तसे एकामागून एक पाण्याबाहेर उसळतात आणि भाकरी थापल्यासारखा फटका देत पोटावर आपटतात. का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

अडचण अशी की हा थवा उघड्या समुद्रात असतो. होडीवाला तो शोधतो, बराच पुढे जाऊन तुम्हाला पाण्यात उतरवतो आणि थवा तुमच्याखालून जातो. मिनिटभर, कधी त्याहून कमी. खाली तळ दिसत नाही, फक्त निळाई. पोहण्याची धास्ती असणाऱ्याला तिथे मासे दिसायच्या आधी घाम फुटतो. थव्यातूनच होडी घालणारा नावाडी मिळाला तर मासे खोल जातात आणि सगळाच विचका होतो. बुकिंगआधी ‘थव्यापासून किती लांब उतरवता?’ हे विचाराच. एखादा दिवस साफ कोरडाही जातो. मे महिन्यात पाणी गार, वेटसूट लागतोच. रात्रीची फेरी मात्र सोडू नका. होडीखाली दिवा सोडला की प्लँक्टन उजेडाकडे येतं आणि त्यामागे अंधारातून मोब्युला येत राहतात. मला विचाराल तर दिवसाच्या धावपळीपेक्षा हे जास्त लक्षात राहील असं दृश्य आहे.

मालदीवमध्ये वारी नाही, पंगत आहे. कोकणात पाऊस घेऊन येतो तोच नैऋत्य मोसमी वारा तिकडे प्रवाह फिरवतो, प्लँक्टन प्रवाळबेटांच्या पूर्व बाजूला साठतं आणि मँटाही बाजू बदलतात. बा अ‍ॅटॉल या कड्यासारख्या प्रवाळबेटांच्या समूहाच्या पूर्व कडेला हनिफारू नावाचा नरसाळ्याच्या आकाराचा छोटा उपसागर आहे. मोठ्या भरतीचं पाणी त्यात शिरलं की प्लँक्टन कोंडलं जातं आणि तीन-साडेतीन मीटर पंखांचे मँटा जेवायला येतात. कधी पाच-दहा, योग जुळला तर शंभराच्या पुढे. गर्दी वाढली की एकामागे एक गोल फिरत भोवरा करतात.

इथे नियम कडक आहेत आणि ते असावेत. स्कूबाला, म्हणजे पाठीवर टाकी घेऊन बुडी मारण्याला, २०१२ पासून बंदी, फक्त स्नॉर्केल (नळीने श्वास घेत पृष्ठभागावर पोहणं), तेही पाऊण तास आणि परवानाधारक गाईडबरोबर. बाहाइतकं पोहणं लागत नाही, पाणी उबदार. पण ते काचेसारखं स्वच्छ असेल ही अपेक्षा ठेवू नका. ज्या गढूळपणामुळे मँटा येतात त्यातूनच ते बघायचे असतात.

प्रवासात तर तुलनाच नको. मुंबईहून मालेला थेट विमान सुमारे तीन तासांचं, भारतीयांना व्हिसा पोहोचल्यावर मोफत, पुढे धारावंधू बेटापर्यंत छोटं विमान आणि तिथून हनिफारू होडीने काही मिनिटांवर. रिसॉर्टच हवं असं नाही, धारावंधूवर साधी गेस्टहाऊस आहेत. बाहाला जायचं तर दोन-तीन विमानं आणि दीड दिवस. कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींचं गणित नेमकं उलटं: लॉस एंजेलिसहून बाहाच्या दक्षिण टोकाचं लोस काबोस विमानतळ अडीच तासांत, आणि अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही.

आई-बाबांना पोहता येत नसेल आणि त्यांनाही न्यायचं असेल, तर बाहाच. उड्या होडीत बसून दिसतात. हनिफारूत पाण्यात डोकं घातलं नाही तर होडीतून फक्त सावल्या.

बाकी भारतातून पहिल्यांदाच निघणाऱ्याला मी हनिफारूच सुचवेन, पण ‘हजारो’ हा शब्द घरी ठेवून. आणि हजारोच हवे असतील तर मालदीववर पैसे घालवू नका. दोन वर्षं साठवा आणि ला व्हेंतानाला किमान पाच दिवस काढा.

हनिफारू ठरलं तर आधी कालनिर्णय उघडा. जुलै ते ऑक्टोबरमधली पौर्णिमा किंवा अमावास्या शोधा, तिच्या आगेमागे चार-पाच दिवस धरा, कारण मोठी भरती तेव्हाच. नेमकी आषाढी अमावास्या गाठलीत तर एवढं लक्षात असू द्या, की धारावंधूवर गटारी कोरडीच जाते. दारू तिथे मिळत नाही.