टाकसाळीतली चूक की नंतरची इजा?

ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ सालच्या तांब्याच्या पाव आण्याची कड अर्धचंद्राकार तुटलेली दिसली, की विक्रेता ती टाकसाळीची चूक म्हणून चढ्या भावाने पुढे करतो. पत्र्यातून चकत्या कापताना कापणीचा ठसा आधीच्या भोकावर चढला, तर कोरी चकतीच अपुरी निघते. छाप बसण्याआधी तिची कड दाबून उंचावताना तुटीच्या जागी आधार नसल्याने समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि म्हणून तुटीच्या बरोबर समोरची कडही बहुधा फिकी, दबलेली उमटते. कानस लावून कापलेल्या नाण्यात मात्र समोरची कड ठसठशीत राहते, कापलेल्या जागी भिंगाखाली समांतर ओरखडे दिसतात आणि तेथील तांबे उरलेल्या नाण्यापेक्षा उजळ असते. वजन दोन्हींत घटते, त्यामुळे केवळ तराजूवर विसंबणे व्यर्थ आहे.

उलट्या, खोलगट छापाचेही असेच. आधीचे नाणे साच्यात अडकून राहिले, तर पुढच्या नाण्याच्या एका बाजूला त्याचीच आरशातली प्रतिमा खोल उमटते आणि दुसरी बाजू नेहमीसारखी उठावदार राहते. शेगड्यात (व्हाइसमध्ये) दोन नाणी दाबून केलेल्या बनावटीत मूळ छापाचे अवशेष त्या प्रतिमेखाली डोकावतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची खूण होय.

शिवराईला हे निकष लावू नयेत. हाताने ठोकलेल्या त्या नाण्यावर ‘श्री राजा शिव’मधले एखादे अक्षर चकतीबाहेर जाणे ही ना चूक, ना इजा.