‘शेकडो एच-१बी करून दिलेत’ म्हणणारी कन्सल्टन्सी आणि माझे बुडालेले पैसे

अमेरिकेत एमएस करून ओपीटीवर (शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावरच काही काळ नोकरी करायची परवानगी) असलेल्या आणि एच-१बीसाठी (नोकरीचा व्हिसा, ज्याचा अर्ज मालक कंपनीच करते) कंपनी शोधणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. मी जिच्याकडे नोकरी करत होते त्या कन्सल्टन्सीने एच-१बीच्या नावाखाली माझ्याकडून काही हजार डॉलर घेतले आणि माझा अर्ज भरलाच नाही.

त्यांची सगळी भिस्त एकाच वाक्यावर होती : ‘आमचा स्पॉन्सरशिपचा (कर्मचाऱ्यांना व्हिसा मिळवून देण्याचा) इतिहास बघा.’ व्हिडिओ कॉलवर त्यांनी लांबलचक यादी दाखवली. पद, शहर, पगार आणि प्रत्येक ओळीत ‘सर्टिफाइड’. यादी सरकारीच होती, पण ती व्हिसांची नव्हती, एलसीएची होती. इथेच बहुतेकांची दिशाभूल होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एलसीए म्हणजे ‘या पदाला, या ठिकाणी, एवढा पगार देईन’ असं मालकाने श्रम खात्याला दिलेलं हमीपत्र. अर्ज पूर्ण आहे का, उघड चूक नाही ना, एवढंच पाहून खातं साधारण ७ कामकाजाच्या दिवसांत तो मंजूर करतं. एका एलसीएत एकाहून जास्त पदं दाखवता येतात आणि कर्मचाऱ्याचं नाव त्यात नसतं. मंजूर झाल्यावर पुढे व्हिसाचा अर्ज केलाच पाहिजे असं बंधन नाही. त्यामुळे कोणी शेकडो एलसीए दाखवले, तरी त्यावरून एकाही माणसाला व्हिसा मिळाला असं सिद्ध होत नाही. व्हिसाची माहिती देणाऱ्या बऱ्याच खासगी वेबसाइट हेच आकडे ‘स्पॉन्सरशिप’ म्हणून दाखवतात.

खरी नोंद यूएससीआयएसच्या (व्हिसाचे अर्ज तपासणारं अमेरिकेचं सरकारी खातं) ‘एच-१बी एम्प्लॉयर डेटा हब’मध्ये मिळते. २००९ या आर्थिक वर्षापासून कोणत्या कंपनीचे किती अर्ज मंजूर झाले आणि किती फेटाळले, हे तिथे फुकट बघता येतं. नव्या नोकरीचे अर्ज आणि मुदतवाढीचे अर्ज वेगळे दिसतात. पहिल्यांदाच एच-१बी घेणाऱ्याने नव्यांचा आकडा बघावा. कंपनीच्या करक्रमांकाचे शेवटचे ४ आकडेही तिथे असतात. मी ते माझ्या डब्ल्यू-२शी (मालकाकडून मिळणारा पगार आणि कराचा वार्षिक दाखला) ताडून पाहिले, तर जुळेनात. इतिहास होता तो जवळपास त्याच नावाच्या दुसऱ्या कंपनीचा. एकीच्या नावापुढे ‘इन्क’, दुसरीच्या पुढे ‘एलएलसी’. मला पगार देणाऱ्या कंपनीच्या नावावर नव्या नोकरीचा एकही मंजूर अर्ज नव्हता.

पैसे त्यांनी ‘नोंदणी आणि वकील’ म्हणून मागितले. एच-१बीच्या जागा मर्यादित असल्याने कोणासाठी अर्ज करता येईल हे लॉटरीने ठरतं. तेव्हा त्या लॉटरीच्या नोंदणीचं सरकारी शुल्क १० डॉलर होतं. २०२५च्या मार्चपासून ते २१५ झालंय. पुढे लॉटरी लागली तर मालकाला ७५० किंवा १,५०० डॉलरचं जे प्रशिक्षण शुल्क भरावं लागतं, ते कर्मचाऱ्याकडून कोणत्याही मार्गाने वसूल करायला कायद्याने बंदी आहे. एच-१बीसाठी वकिलाची फी हाही मालकाचाच धंद्याचा खर्च धरला जातो. तुमच्याकडे कोणी ‘पॅकेज’चे पैसे मागत असेल, तर त्याला कायदा नीट माहीत असतो आणि तरीही तो मागत असतो.

वसंतात फोन आला, ‘अभिनंदन, निवड झाली, अर्ज पाठवलाय.’ माझा ओपीटी उन्हाळ्यात संपत होता. कॅप-गॅपच्या (ओपीटी संपल्यापासून एच-१बी सुरू होईपर्यंतची मुदतवाढ) आय-२०साठी, म्हणजे विद्यार्थी असल्याच्या दाखल्यासाठी, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाने आय-७९७, म्हणजे अर्ज पोचल्याची यूएससीआयएसची पावती मागितली आणि टोलवाटोलवी सुरू झाली. वकील सुट्टीवर, पावती पोस्टात, सिस्टिम बंद. शेवटी एक पावती क्रमांक पाठवला. ३ अक्षरं, १० आकडे, दिसायला अस्सल. यूएससीआयएसच्या साइटवर टाकला तर फॉर्म निघाला आय-७६५, म्हणजे वर्क परमिटचा. एच-१बीचा अर्ज आय-१२९वर होतो. शिवाय पोचल्याची तारीख लॉटरीच्याही आधीची. कुणा तिसऱ्याच माणसाचा क्रमांक त्यांनी माझ्या गळ्यात मारला होता.

त्या कार्यालयातल्या बाईंनी तिथल्या तिथे काम थांबवायला सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. कन्सल्टन्सीच्या भरवशावर ओपीटीनंतरही कामावर जात राहिले असते, तर तो स्टेटसचा भंग ठरून पुढच्या प्रत्येक व्हिसावर सावली पडली असती. पुढचा ६० दिवसांचा ग्रेस पीरियड (देश सोडण्याच्या तयारीसाठी मिळणारी मुदत) सामान आवरण्यात गेला. पैसे परत मिळालेले नाहीत.

आत्ता यात अडकलेल्यांनी लॉटरीत निवड झाल्याची यूएससीआयएसची नोटीस मागावी. ती मालकाच्या खात्यात येते आणि तिच्यावर तुमचं नाव असतं. पावतीवर फॉर्मचा क्रमांक आणि तारीख दोन्ही बघा. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्या आणि बंदी घातलेल्या मालकांची यादी श्रम खातं जाहीर करतं, तीही चाळा. एच-१बीवर असताना बेंचवर (काम न देता) बसवून पगार अडवला, तर श्रम खात्याच्या डब्ल्यूएच-४ फॉर्मवर १२ महिन्यांच्या आत तक्रार करता येते. माझ्यासारखं अर्जच न भरण्याचं प्रकरण असेल, तर यूएससीआयएसचा फसवणूक कळवण्याचा ऑनलाइन फॉर्म आहे. मी तो भरलाय. सोबत पैसे पाठवल्याच्या बँकेच्या नोंदी, सगळे मेसेज आणि तो पावती क्रमांक जोडलाय.