ट्रॅव्हलरमध्ये बोटीचं टॉयलेट : एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यावर

जुनी ट्रॅव्हलर मिनीबस कोल्हापूरच्या उद्यमनगरात आतून नवी करून घेतली, तेव्हा तिच्यात शिडाच्या बोटीत असतं ते हातपंपाचं टॉयलेट आणि ६० लिटरची मैल्याची टाकी बसवली. कारण आत्या. तिला मधुमेह, आणि कोल्हापूर सोडून मालवणला पोचेपर्यंत बायकांना जाता येईल अशी स्वच्छ जागा सापडली तर सापडली. मिस्त्री म्हणाले, "गाडीला काय समुद्र लागतोय व्हय?" समुद्र नाही, पण गगनबावड्याखालचा घाट लागतो. बोटीचं सामान कलंडायला आणि हिंदकळायलाच केलेलं असतं.

पंप आवडला. भांड्याशेजारच्या पिस्टनचा दांडा वर-खाली केला की एकीकडून पाणी भांड्यात येतं आणि दुसरीकडून भांड्यातलं टाकीकडे ढकललं जातं. वरचा खटका फिरवला की पाणी येणं थांबतं, भांडं नुसतं रिकामं होतं. वीज नाही, मोटर नाही. आत्या दोन दिवसांत शिकली. टाकीकडच्या तोंडाला रबराचा चोचीसारखा व्हॉल्व्ह असतो, गेलेलं परत येऊ नये म्हणून. तो सैल पडला की भांड्याच्या तळाशी घाण पाणी चढायला लागतं. आमचा पावसाळा संपता संपता सैल पडला. भाग स्वस्त आहे, बदलणाऱ्याने मात्र त्या दिवशी जेवणाची आशा धरू नये.

टाकी किती पुरते हे माहितीपत्रकावर जाऊ नका. ते हिशेब कागद वापरणाऱ्यांचे. आपल्याकडे धुण्याचं पाणीही टाकीतच जातं. धुण्यासकट एका वेळेला अडीच-तीन लिटर धरा, म्हणजे वीसेक वेळा.

आता वास. सगळे तेच विचारतात. टाकीत हवा खेळती असली तर हवेवर जगणारे जिवाणू मैला कुजवतात, त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. हवा कोंडली की दुसरे जिवाणू माजतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, कुजक्या अंड्याचा. म्हणजे वासाचं मूळ टॉयलेटात नाही, टाकीच्या हवेच्या नळीत आहे. सोबत आलेली नळी बारीक आणि वळणावळणाची होती. घाटात टाकीतलं पाणी उसळून त्या वळणात बसायचं, नळी बंद, आणि खाली वैभववाडीत पोचेपर्यंत सगळे खिडकीत. नळी तुंबली की दांडाही जड चालतो. मिस्त्रींनी टाकीच्या दोन्ही टोकांना २५ मिलिमीटरच्या सरळ नळ्या टपावर काढून दिल्या आणि वास नव्वद टक्के गेला. महागडी सुगंधी औषधं त्यानंतर आणली नाहीत.

उरलेला वास पाइपचा. साधा पीव्हीसी पाइप काही महिन्यांनी वास बाहेर सोडायला लागतो. गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं पाइपवर गुंडाळा, गार झालं की हुंगा. फडक्याला वास आला तर पाइप बदला.

बोटीत या टॉयलेटला आणखी एक भानगड असते, ती आपल्याला नाही. तिथे भांडं बऱ्याचदा समुद्राच्या पातळीखाली येतं, म्हणून पाइप वर नेऊन उलटा वळसा देतात आणि त्याच्या डोक्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह ठेवतात. तो नसेल तर सायफन लागून समुद्र भांड्यातून आत येतो, बोट बुडूसुद्धा शकते. शिवाय खारं पाणी आणि लघवी मिळून पाइपात कॅल्शियमचा थर धरतो. गोड्या पाण्यावर तो त्रास कमी.

रिकामं करणं हा खरा प्रश्न. मोठ्या जहाजांना मारपोल कराराचं (जहाजांनी समुद्र घाण करू नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय करार) चौथं परिशिष्ट लागू आहे, २००३ पासून : कच्चा मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पुढेच सोडायचा, दळून निर्जंतुक केलेला ३ मैलांच्या पुढे. अमेरिकेत तर लहान होड्यांनाही ३ मैलांच्या आत कच्चा मैला सोडता येत नाही. धक्क्याला लागून सक्शनच्या पाइपने टाकी उपसून घेतात. आपल्याकडे गाड्यांसाठी अशी सोय मला कुठे दिसली नाही. आम्ही घरच्या सेप्टिक टँकमध्ये सोडतो. ओढ्यात सोडा म्हणणारे भेटतात. पंचगंगेत आधीच काय कमी जातंय?

टाकी उपसायला १२ व्होल्टचा, मैला दळून ढकलणारा पंप आहे आणि त्यावर मी खूश नाही. आत पाती आणि रबरी पंखा. टाकी संपल्यावर जरा जास्त चालला तर पंखा जळतो, गाडी महिनाभर उभी राहिली तर पंखा चिकटून बसतो आणि फ्यूज उडतो. दोन्ही अनुभवलं. त्याजागी डायफ्रामचा, म्हणजे लवचीक पडदा मागे-पुढे हलवून ढकलणारा पंप घेणार आहे. तो दळत नाही, पण कोरडा चालला तरी बिघडत नाही. त्याला रुंद पाइप लागेल, ते परवडलं.

घ्यायचं असेल तर आधी स्वतःचा सेप्टिक टँक आहे का बघा. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या चेअरमनना अगोदर विचारावं. पार्किंगमधल्या चेंबरचं झाकण उघडून तुम्ही गाडीचा पाइप आत सोडताय हे त्यांना आयत्या वेळी दिसू नये.