दयाळ पक्ष्यासाठी प्लायवुडची तयार घरटेपेटी: घ्या, पण आधी सुधारा

भोकाचा व्यास ५ सेंमी, तळ १५ बाय १५ सेंमी. दयाळाला हे माप छान बसतं. कमी पडते ती बांधणी. प्लाय साधा आहे, एका पावसाळ्यात कडा फुगून थर सुटतात. छपरावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोका आणि पुढे ५ सेंमी बाहेर काढा. तळाला एकही भोक नाही, त्यामुळे आत शिरलेलं पाणी साचून पिल्लं गारठतात. कोपऱ्यांत ६ मिमीची चार भोकं पाडाच. आतला गुळगुळीत पॉलिश केलेला पृष्ठभाग ही सगळ्यात वाईट गोष्ट: पिल्लांची नखं रुतत नाहीत, वर चढता येत नाही. भोकाखाली करवतीने आडव्या खाचा मारा. बाहेरची दांडी कापून टाका, ती कावळ्याच्याच सोयीची.

पेटी फेब्रुवारीत, अडीच-तीन मीटरवर, भोक पूर्वेकडे ठेवून झाडाला टांगा. तार पाइपच्या तुकड्यातून ओवा, नाहीतर सालीत रुतते.

धनेश पक्ष्याला मात्र ही पेटी पुरत नाही, त्याला जुन्या, जाड खोडातली प्रशस्त ढोली हवी. म्हणून पेटी लावली तरी आवारातला पोकळ आंबा तोडू नका.